कापडावर काळं येतं तो मळ नव्हे

ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पॉलिश लावून पांढरं कापड घासलं की कापड काळं पडतं. दुकानातून आजच आणलेल्या कोऱ्या पत्र्यावर घासलं तरी पडतं. तो मळ नसतो, घासून निघालेला धातूच असतो. यावल-रावेर पट्ट्यातल्या एका केळीच्या मळ्यावर पाहुण्यांसाठी आणलेल्या १८ फुटी जुन्या कॅरॅव्हॅनच्या, म्हणजे चाकांवरच्या फिरत्या घराच्या, मालकाला नेमकं हेच कापड दाखवलं गेलं. "बघा दादा, किती वर्षांचा मळ निघतोय." ₹२२,००० ठरले, ₹१५,००० आगाऊ घेतले, दोन दिवसांत गाडी आरशासारखी करून देतो असा शब्द दिला. दोन दिवसांनी गाडी खरंच चमकली. मृगाच्या दुसऱ्या पावसानंतर तिच्यावर काळपट ओघळ आले, पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटभोवती पांढरी भुकटी जमली आणि आतल्या गादीवर पाणी टपकू लागलं. तोवर फोन बंद झाला होता.

राज्याने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि अशी एखादी जुनी गाडी आपल्याही मळ्यावर असावी असं वाटणारे लोक खानदेशात आहेत. त्यांच्यासाठी ही फसवणूक नेमकी कशी होते ते सगळं लिहितो आहोत.

आधी पत्रा समजून घ्या. अमेरिकन एअरस्ट्रीम कंपनीच्या गाड्यांसारख्या जुन्या चंदेरी कॅरॅव्हॅनचा पत्रा बहुधा २०२४ नावाच्या मिश्रधातूचा असतो. ताकदीसाठी त्यात साधारण साडेचार टक्के तांबं असतं, आणि तांब्यामुळेच तो लवकर गंजतो. म्हणून कारखान्यात त्याच्या दोन्ही अंगांना जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. अशा पत्र्याला अल्क्लॅड म्हणतात. हा थर एका बाजूला जाडीच्या सुमारे ५ टक्के असतो. पत्रा ०.८ मिमी असेल तर थर झाला ०.०४ मिमी, माणसाच्या केसाहून बारीक. चमकतो तो हा थर आणि पत्र्याला राखतो तोही हाच. तो एकदा गेला की परत चढत नाही. फसवणुकीतलं खरं नुकसान बावीस हजारांचं नाही, ते या थराचं आहे.

आता वेळेचा हिशोब करा, कारण लबाडी तिथेच उघडी पडते. १८ फुटी गाडीच्या दोन बाजू, छत, पुढचं आणि मागचं तोंड मिळून ४० चौरस मीटरच्या आसपास पत्रा होतो. नीट काम करायचं तर तीन टप्पे लागतात: जाड कंपाउंडने (घासायच्या पेस्टने) कापणं, मध्यम कंपाउंडने ओरखडे काढणं, बारीक कंपाउंडने आरसा आणणं. एका चौरस मीटरला तिन्ही मिळून दोन ते तीन तास जातात. म्हणजे ८० ते १२० तास. दोन माणसं रोज आठ तास राबली तरी दोन दिवसांत ३२ तासच भरतात. उरलेले तास कुठून आले, हा प्रश्न कामाआधी विचारायला हवा.

ते येतात ग्राइंडरमधून. चार इंची अँगल ग्राइंडर मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे मारतो. पॉलिशसाठी लागतो तो सात इंची, वेग कमी-जास्त करता येणारा बफर, १,५०० ते २,००० फेऱ्यांवर, लोकरी पॅड लावून. कडेचा वेग काढला तर ग्राइंडर बफरच्या तिप्पट-चौपट जोरात घासतो. त्यावर ८० नंबरची फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश पेपरच्या पट्ट्यांची चकती, चढवली की एक-दोन हातांतच शुद्ध थर निघून जातो. पत्रा तापतो, सांगाड्याच्या दोन फासळ्यांमधला भाग फुगतो आणि बोटाने दाबला तर डब्याच्या झाकणासारखा 'टक' वाजतो. रिव्हेटची डोकी घासून सपाट होतात, मग त्यांची पकड सुटते आणि तिथूनच पाणी आत शिरतं.

ग्राइंडरच्या आधी 'केमिकल वॉश' होतो. ते केमिकल म्हणजे पुष्कळदा कॉस्टिक सोडाच. सोडा ॲल्युमिनियमला खातो, हायड्रोजन सुटतो, फेस येतो. मालकाला वाटतं घाण उकळतेय. जिथे शुद्ध थर शाबूत असतो तिथे पत्रा फिका पांढरट होतो. जिथे आतला तांब्याचा मिश्रधातू उघडा पडलाय तिथे काळा पडतो. या गाडीच्या दारावर तसे काळे पट्टे उमटले, तेव्हा "अजून मळ आहे" म्हणत त्याच पट्ट्यांवर पुन्हा डिस्क फिरवली गेली. ही या सगळ्या प्रकारातली सगळ्यात वाईट गोष्ट, कारण पत्रा स्वतःच सांगत होता की थांबा. काही जण सोड्याऐवजी संडास धुण्याचं ॲसिड वापरतात, त्याने बारीक खड्डे पडतात. 'ब्राइटनर' नावाच्या काही द्रावणांत हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं. ते कातडीतून आत जातं आणि जीवावर बेततं. बाटलीवर घटक छापलेले नसतील तर ती बाटली अंगणात येऊ देऊ नका.

शेवटी ओरखडे झाकायचे. त्यासाठी तेलकट, मेणकट ग्लेझ फासतात, त्याने ओरखडे भरल्यासारखे दिसतात. गळक्या रिव्हेटवर स्वस्त सिलिकॉन दाबतात. त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतंय आणि ॲल्युमिनियम खातंय असं समजा. इथे पॉलियुरेथेन किंवा न्यूट्रल क्युअर (सुकताना ॲसिड न सोडणारं) सीलंटच हवं. छतावर तर अनेकदा चांदी रंग मारलेला असतो, शिडी लावून वर चढून बघतो कोण?

नमुना दाखवण्यातही चलाखी असते. या गाडीचा नमुना घासला होता छपराच्या सावलीत राहिलेल्या दाराजवळ, जिथे पत्रा मुळातच बरा होता. नमुना तुम्ही सांगाल तिथे घ्या: पश्चिमेकडची बाजू, खिडकीच्या वर, एक फूट बाय एक फूट. काम झालं की तो तुकडा आधी टर्पेंटाइनने, मग मेडिकलमधल्या स्पिरिटने पुसा, म्हणजे ग्लेझ उतरेल. संध्याकाळी अंधारात टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरपा मारा. गोल गोल जाळं किंवा सरळ रेघा दिसल्या तर डिस्क वा पॉलिश पेपर फिरलाय, नाही तर शेवटचा बारीक टप्पा गाळलाय. दोन दिवस थांबा, मगच हो म्हणा.

थर शिल्लक आहे का हे पाहायला कॉस्टिक सोड्याचाच थेंब उपयोगी पडतो, पण फक्त लपलेल्या जागी, नंबरप्लेटच्या मागे किंवा झडपेच्या कडेला. हातमोजे आणि चष्मा घाला. दहा टक्के द्रावणाचा एकच थेंब ठेवा आणि मिनिट-दोन मिनिटांत भरपूर पाण्याने धुऊन टाका. डाग पांढरट राहिला तर शुद्ध थर आहे, काळा झाला तर आतला २०२४ उघडा आहे. दुसऱ्या मिश्रधातूच्या, थर नसलेल्या पत्र्याला ही परीक्षा लागू नाही.

आणखी एक गोष्ट कामाआधी तपासा. बऱ्याच गाड्यांवर कारखान्यातलं पारदर्शक कोटिंग असतं. कोपऱ्यात थोडं पॉलिश लावून घासा. कापड काळं झालं तर पत्रा उघडा आहे, पांढरंच राहिलं तर वर कोटिंग आहे. ते ॲल्युमिनियमला चालणाऱ्या स्ट्रिपरने काढायचं: ब्रशने जाड थर, वर प्लॅस्टिकचा कागद, वीस-तीस मिनिटं, मग लाकडी किंवा प्लॅस्टिकची पट्टी. लोखंडी खरवडणी नको, तारेचा ब्रश किंवा लोखंडी घासणीही नको. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि पावसाळ्यात गंजाचे ठिपके होऊन वर येतात.

हंगामाचंही पाहा. जळगाव-भुसावळला एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकतो. उन्हात पत्र्याला हात लावता येत नाही, स्ट्रिपर प्लॅस्टिकखालीही वाळतो, कंपाउंड जळून चिकटतं. भर मे महिन्यात दुपारी काम करणारा कारागीर एक तर शिकाऊ असतो, नाही तर त्याला पळायची घाई असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. उन्हाळ्यातच करायचं असेल तर सकाळी सहा ते दहा. धुवायला बोअरचं जड पाणी वापरलं तर शेवटचं पाणी आरओचं किंवा साठवलेल्या पावसाचं घ्या आणि लगेच पुसा, नाही तर क्षारांचे पांढरे गोल बसतात. रिव्हेटभोवती अडकलेली काळी काजळी काढायला मैदा किंवा कॉर्नफ्लॉर शिंपडून मऊ कापडाने घासायचं, ते तेलकट अंश शोषून घेतं.

पैसे कधीही दिवसावर ठरवू नका, पॅनेलवर ठरवा. एक पॅनेल झालं, पुसून टॉर्चखाली पाहिलं, मग त्याचे पैसे. आगाऊ द्यायचे तर सामानापुरतेच, आणि कंपाउंडचे डबे समोर उघडून घ्या. कागदावर साध्या मराठीत लिहा: ग्राइंडर नाही, डिस्क नाही, पॉलिश पेपर नाही, सोडा नाही, ॲसिड नाही. चांगला बफवाला यावर रागावत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

फसवणूक झालीच असेल तर पहिल्या दिवशी गाडी धुऊ नका. ओघळांचे, घासलेल्या रिव्हेटचे फोटो काढा, उरलेलं केमिकल बाटलीत बंद करा, टाकून दिलेल्या डिस्क गोळा करा, यूपीआयची नोंद आणि चॅट जपा. झडप काढून पत्र्याची कड मायक्रोमीटरने मोजा, घासलेल्या आणि न घासलेल्या दोन्ही जागी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेली रक्कम ₹५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. गाडी भाड्याने देत असाल तर समोरचा 'हा व्यापारी वापर' म्हणेल. तो तुमच्या स्वतःच्या उपजीविकेचा धंदा असेल तर तसं तक्रारीतच स्पष्ट लिहा. हेतूच फसवण्याचा होता असं दिसत असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे.

गाडीचं पुढे काय? जिथे थर गेलाय तिथे पुन्हा पॉलिश करू नका, प्रत्येक वेळी पत्रा आणखी पातळ होतो. तो भाग साफ करून, पूर्ण वाळवून, त्यावर क्रोमेट प्रकारचं कन्व्हर्जन कोटिंग (रासायनिक क्रियेने पत्र्यावर बसणारा गंजरोधक थर), मग इपॉक्सी प्रायमर आणि रंग. घासलेले रिव्हेट ड्रिलने काढून नवे ॲल्युमिनियमचेच घाला, स्टीलचे नाहीत. मळ्यावरच्या त्या गाडीची पश्चिमेची बाजू आणि दार आता रंगवावंच लागणार आहे. छत शाबूत आहे, कारण तिथे नुसता चांदी रंग मारला होता. तो स्ट्रिपरने उतरवला की खाली मूळ थर मिळेल.