लेंड्यांचा खोटा रिपोर्ट आणि पन्नासचा पाढा

पोळा झाल्यावर हिंगण्याकडच्या आमच्या गावात एक माणूस आला. पांढरा कोट, गळ्यात ओळखपत्र, हातात काळी पेटी. मेंढ्या-बकऱ्यांच्या लेंड्या तपासून जंत आहेत का ते सांगतो म्हणाला. तपासणी आणि औषध धरून त्यानं आमच्याकडून २२,२०० रुपये नेले. तो अजून नागपूरच्या आसपास फिरत असेल, म्हणून त्याची पद्धत सविस्तर लिहून ठेवतो.

सुरुवातीला हा माणूस चुकीचं काही बोलला नाही, हीच त्याची खुबी. "दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला डोस पाजता ना? म्हणूनच औषध लागू पडत नाही. आधी तपासणी, मग औषध," असं त्यानं समाजमंदिरासमोर उभं राहून सांगितलं. हे शंभर टक्के खरं आहे. सरकारी डॉक्टरही हेच सांगतात. एकच औषध सारखं पाजलं की त्याला दाद न देणारे जंत तेवढे उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच वाढते. पावसाळा संपता संपता आमच्या मेंढ्या खंगल्या होत्या, दोघींच्या जबड्याखाली पाणी भरून पिशवी लोंबत होती. अशा वेळी तपासणीची भाषा करणारा माणूस दारात आला तर कोणीही त्याला बसायला खाट देईल.

त्यानं वाड्यात पडलेल्या लेंड्या हातानं गोळा केल्या आणि पन्नीत भरल्या. कोणती लेंडी कोणत्या मेंढीची, याची नोंद नाही. मग पेटीतून मोबाइलला जोडायचा छोटा सूक्ष्मदर्शक काढला, काचेवर थेंब टाकला आणि स्क्रीन सगळ्यांसमोर धरली. स्क्रीनवर पारदर्शक किडे वळवळत होते, एकमेकांत गुंतत होते, मधेच एखादा झटका देऊन बाजूला जात होता. डाव्या कोपऱ्यात हवेचा एक गोल बुडबुडा होता. बाया तोंडाला पदर लावून मागे सरकल्या. माझ्या शेजारचे काका म्हणाले, "बापरे, हे सारं आपल्या मेंढीच्या पोटात हाय जी?"

तिथंच औषध विकलं गेलं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर आला. २० नमुने, प्रत्येकी २०० रुपये. वर लोगो, खाली शिक्का, मधे 'मॅकमास्टर पद्धत' असं ठळक अक्षरात आणि दर ग्रॅम लेंडीत जंतांची किती अंडी त्याचे आकडे : १,१३७, ८६४, २,०९१ असे. सगळ्या मेंढ्या 'तीव्र बाधित'. गोलजंताची आणि यकृतातल्या चपट्या कृमीची अंडी एकाच रकान्यात. मग तो निळ्या कॅनमधलं औषध घेऊन आला. १४० मेंढ्या, एकीला १३० रुपये. लहान कोकरू असो की मोठा नर, सगळ्यांना एकाच मापानं पाजलं. कॅनवर कंपनीचं नाव होतं. बॅच नंबर, परवाना क्रमांक, मुदतीची तारीख, काही नव्हतं.

आठवडाभरानं एक मेंढी मेली. सरकारी डॉक्टरांनी वाड्यातच तिचं शवविच्छेदन केलं. चौथं पोट चिरून त्यांनी कडा उलटी केली आणि मला वाकून बघायला लावलं. आतल्या कातडीला दोन-अडीच सेंटिमीटरचे बारीक धागे चिकटले होते, लाल आणि पांढरा पीळ घातलेले. ती मादी. लाल म्हणजे तिनं प्यायलेलं रक्त, पांढरं म्हणजे तिचं अंडाशय. याला हिमोंकस म्हणतात. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिलिलिटर रक्त खातो आणि एक मादी दिवसाला पाच हजारांवर अंडी घालते. पोटात हजारभर जंत असले तर रोज ५० मिलिलिटर रक्त गेलं. जबड्याखालची सूज त्यातूनच येते, रक्तातली प्रथिनं संपली की पाणी तिथं उतरतं. त्या कॅनमधल्या पाण्यानं यातल्या एकाही जंताचं काही बिघडलं नव्हतं.

माझा पुतण्या पशुवैद्यकीय पदविका करतो. रिपोर्ट बघून तो हसायलाच लागला. "काका, यानं स्वतःच लिहून देलं ना का हा खोटा आहे म्हणून. ११३७ ला पन्नासनं भाग जाते का?"

मॅकमास्टर पद्धतीत ४ ग्रॅम लेंडी मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून एकूण ६० मिलिलिटर करतात. मिठाच्या जड पाण्यात अंडी वर तरंगतात. मग ते पाणी रेघा आखलेल्या खास काचेच्या दोन खणांत भरतात. एका खणात ०.१५, दोन्ही मिळून ०.३ मिलिलिटर पाणी मोजलं जातं. हिशेब केला तर सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेलं एक अंडं म्हणजे दर ग्रॅमला ५० अंडी. दोन दिसली तर १००, तीन दिसली तर १५०. लेंडी २ ग्रॅम घेतली तर हाच गुणक १०० होतो. म्हणजे एका नमुन्याचा आकडा पन्नासच्या किंवा शंभरच्या पाढ्यातलाच येणार. १,१३७ येईल कुठून?

दुसरं, चपट्या कृमीची अंडी जड असतात, मिठाच्या पाण्यात ती धड तरंगत नाहीत. त्यांच्यासाठी लेंडी साध्या पाण्यात ढवळून खाली बसलेला गाळ तपासतात. ती वेगळी चाचणी आहे. आणि स्क्रीनवर वळवळणारे ते किडे? गोलजंतासाठी ताज्या लेंडीत बघायची असतात ती अंडी, आणि अंडी हलत नाहीत, अंडाकृती ठिपक्यासारखी पडून असतात. पुढे कळमेश्वरकडच्या एका ओळखीच्या मेंढपाळाकडे हाच माणूस येऊन गेल्याचं कळलं. त्याच्या पोट्ट्यानं त्या स्क्रीनचा व्हिडिओ काढून ठेवला होता. तेच किडे, तोच झटका, डाव्या कोपऱ्यात तोच बुडबुडा. आधी चित्रित केलेली फीत तो गावोगाव दाखवत होता.

खरी तपासणी आम्ही नंतर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून करून घेतली. नमुना जमिनीवरून उचलायचा नाही. हातमोजा घालून मेंढीच्या गुदद्वारातून थेट घ्यायचा, पन्नीवर तिचा बिल्ला क्रमांक लिहायचा, हवा काढून तोंड बांधायचं आणि थंड डब्यात ठेवून लवकर पोचवायचं. आपल्याकडच्या उकाड्यात लेंडी तशीच ठेवली तर दिवसभरात अंडी फुटायला लागतात आणि मोजणी चुकते. खऱ्या रिपोर्टात आकडे कसे होते बघा : काही मेंढ्या ५०, १००, २०० आणि मोजक्या दोन-अडीच हजारांच्या वर. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांत असतात, असं तिथल्या मॅडमनी सांगितलं. सगळ्याच्या सगळ्या 'तीव्र बाधित' असा रिपोर्ट हातात आला तर तिथंच थांबा.

डॉक्टरांनी मेंढ्या वजन काट्यावर घातल्या आणि निवडक जनावरांनाच डोस दिला. अंदाजानं माप धरणं धोक्याचं आहे. कमी पडलं तर जंत मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. जास्त झालं तर काय होतं ते औषधावर असतं; क्लोसँटेल फार जास्त गेलं तर मेंढी आंधळी होऊ शकते. गाभण मेंढीला पहिल्या महिन्यात अल्बेंडॅझोल हे जंताचं औषध देत नाहीत, हेही त्या कोटवाल्यानं विचारलं नव्हतं. डोसनंतर १० ते १४ दिवसांनी त्याच मेंढ्यांच्या लेंड्या पुन्हा तपासल्या. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली तर औषधाला जंत दाद देत नाहीत असं समजतात. आमची चांगली घटली. खोटा माणूस ही दुसरी तपासणी कधीच सुचवत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. तोवर त्याचा मोबाइल बंद झालेला असतो. आमच्याकडच्याचा झालाच होता.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे उपचार करणाऱ्याची परिषदेकडे नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका, खरा डॉक्टर रागावत नाही. शंका आली तर १९६२ हा जनावरांच्या उपचारासाठीचा टोल फ्री क्रमांक आहे, नाहीतर गावाजवळचा सरकारी दवाखाना.

पोलिस ठाण्यात आम्ही अर्ज दिला आहे आणि औषधाबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडेही. उरलेलं औषध कॅनसकट जपून ठेवलंय. अर्ज घेणाऱ्या हवालदारांनी विचारलं, "अजून कोणाला असा रिपोर्ट देला का त्यानं?" कळमेश्वरचा व्हिडिओ आम्ही जोडलाच आहे. तुमच्याकडे अशी पीडीएफ आली असेल, आकडे पन्नासच्या पाढ्यात बसत नसतील, तर ती पुसू नका. पैसे पाठवल्याच्या स्क्रीनशॉटसोबत तुमच्या ठाण्यात द्या आणि आमच्या अर्जाचा उल्लेख करा, म्हणजे सगळी प्रकरणं एका ठिकाणी येतील.