कोथरूडमध्ये रिडेव्हलपमेंटचा फ्लॅट : उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

वाकड सोडून कोथरूडला यायचं ठरलं ते सासऱ्यांच्या गुडघ्यांमुळे. लिफ्ट हवी आणि दवाखाना, वाणी, भाजी हे सगळं चालत जाण्याच्या अंतरावर हवं, एवढीच अट होती. डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी, आयडियल कॉलनी या पट्ट्यातल्या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारती सध्या एकापाठोपाठ एक पाडल्या जाताहेत आणि त्या जागी उंच इमारती उभ्या राहताहेत. त्यातल्याच एका इमारतीत आम्ही बांधकाम चालू असताना फ्लॅट घेतला. गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास ताबा मिळाला. ताबा मिळाल्यावर पहिले काही महिने सगळंच छान वाटतं, म्हणून उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही जाऊ दिले आणि मग लिहायला बसले.

आधी चांगली बाजू सांगते. फ्लॅट बघायला जाणारे टाइल्स आणि मॉड्युलर किचन बघतात, पण जमीन कोणाच्या नावावर आहे हे फारसं कोणी विचारत नाही. आमच्या सोसायटीचं कन्व्हेयन्स रिडेव्हलपमेंटच्या आधीच झालेलं होतं. म्हणजे जमीन सोसायटीचीच, बिल्डरला फक्त विकसनाचे हक्क दिलेले. आम्ही नवे खरेदीदार त्याच नोंदणीकृत सोसायटीचे सभासद झालो. वाकडला आमच्या कॉम्प्लेक्समध्ये लोक राहायला येऊन वर्षं झाली तरी सोसायटी आणि कन्व्हेयन्ससाठी बिल्डरच्या ऑफिसात खेपा चालूच होत्या. इथे ती कटकटच नव्हती. मात्र प्रत्येक जुन्या सोसायटीचं कन्व्हेयन्स झालेलं असतंच असं नाही, त्यामुळे कागद वकिलाला दाखवा. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकला की मंजूर नकाशे, जमिनीच्या मालकी हक्काची कागदपत्रं आणि कोर्टकचेऱ्या चालू असतील तर त्या, असं बरंच काही बघायला मिळतं.

खर्चाचं थोडक्यात. बांधकाम चालू असताना घेतल्यामुळे ५ टक्के जीएसटी लागला; पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यावर घेतलेल्या फ्लॅटला तो लागत नाही. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के आहे, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सूट मिळते, म्हणून घर माझ्या एकटीच्या नावावर केलं. करार नोंदवण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. आणि रेरा कार्पेटमध्ये, म्हणजे रेरा कायद्याप्रमाणे मोजलेल्या फ्लॅटच्या क्षेत्रफळात, आतल्या भिंतींची जागा धरलेली असते, बाल्कनी आणि ड्राय बाल्कनी धरलेली नसते. जुन्या फ्लॅटशी तुलना करताना हे लक्षात ठेवा.

आता पाणी. याच्यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण घर नवं असलं तरी गल्लीतली पाइपलाइन जुनीच आहे. जिथे बारा कुटुंबं होती तिथे आता चाळीसच्या वर आहेत, आणि महापालिकेचं पाणी येतं ते आधीसारखंच, ठरलेल्या वेळी आणि बेताच्या दाबाने. थंडीत काही जाणवलं नाही. मार्च संपताना जमिनीखालची टाकी सकाळी अर्धीच भरू लागली आणि एप्रिल-मेमध्ये टँकर सुरू झाले. टँकरचा खर्च मेन्टेनन्समध्ये आला. जादा नळजोडासाठी सोसायटीने अर्ज केला, तो मंजूर होऊन जोड मिळेपर्यंत पाऊस सुरू झाला होता. बोअरचं पाणी वापरायला आहे, पण ते जड आहे. नळांच्या तोंडाशी पांढरा थर चढतो. बुकिंगच्या आधी बिल्डरला विचारून उपयोग नाही. शेजारच्या, आधी पूर्ण झालेल्या इमारतीच्या वॉचमनला मे महिन्यात विचारा की दिवसाला टँकर किती येतात. त्याच्याइतकी खरी माहिती दुसरं कोणी देणार नाही.

पावसाळ्यात दुसरी गोष्ट निघाली. जुलैच्या मोठ्या पावसात बेडरूमच्या खिडकीखालच्या भिंतीला ओल आली. आधी वाटलं बाहेरच्या प्लास्टरला चीर आहे. मग स्लायडिंगचा खालचा ट्रॅक ब्रशने घासला तेव्हा दिसलं की पाणी बाहेर जायची जी बारीक छिद्रं असतात ती सिमेंट आणि रंगाने पूर्ण बुजलेली होती. ट्रॅकमध्ये पाणी साठून आतल्या बाजूला उतरत होतं. खिळ्याने छिद्रं मोकळी केली, तसं साठलेलं पाणी बाहेर धावलं. आमच्या मजल्यावर चारही फ्लॅटमध्ये हीच अवस्था होती. हॉलच्या कोपऱ्यातली ओल मात्र खरोखरच बाहेरच्या भिंतीची होती. रेरा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला आणि कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत मोफत दुरुस्त करून द्यायचा असतो. फोनवर नुसतं ‘बघतो’ ऐकायला मिळालं. फोटो, तारखा आणि कलमाचा उल्लेख असलेलं ईमेल गेलं तेव्हा माणसं आली. तक्रार नेहमी लेखी करा.

पार्किंग हा माझा सगळ्यात नावडता भाग. स्टिल्टमधल्या, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या, मोकळ्या जागा जुन्या सभासदांना आधीच वाटून झालेल्या होत्या, आणि ते रास्तच आहे. त्यांनी आपली घरं रिकामी करून दिली, वर्षानुवर्षं भाड्याच्या घरात काढली. आम्हा नव्यांना मशीनचं पार्किंग आलं, म्हणजे लोखंडी पॅलेटवर एकावर एक गाड्या ठेवायच्या. वरची गाडी काढायची तर खाली उभं राहून किल्ली फिरवायची, पॅलेट उतरेपर्यंत थांबायचं, आणि मागे कोणी असेल तर त्यालाही थांबवायचं. सासरे एकटे गाडी काढूच शकत नाहीत. काही पॅलेटवर उंच गाडी बसत नाही, त्यामुळे उंची मोजूनच करार करा. सुरुवातीला हे मशीन जनरेटरवर जोडलेलंही नव्हतं. वीज गेली की गाडी वरच. सोसायटीने ते पाठीमागे लागून जोडून घेतलं. पाहुण्यांच्या गाडीला जागाच नाही, आणि गल्लीत पी-१, पी-२ चे (एक दिवस एका बाजूला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाजूला पार्किंगचे) फलक असूनही संध्याकाळी दोन्ही बाजू भरलेल्या असतात.

जुने आणि नवे सभासद यांच्यात पहिल्या सर्वसाधारण सभेत मेन्टेनन्सवरून बरीच वादावादी झाली. क्षेत्रफळानुसार आकारणी व्हावी असं काही जुन्या सभासदांचं म्हणणं होतं. उपविधींप्रमाणे सेवाशुल्क सर्व फ्लॅटना समान असतं, हे ऑडिटरनी दाखवलं तेव्हा प्रश्न सुटला. आता समितीत नव्यांपैकीही दोघे आहेत. एकदा हे मार्गी लागल्यावर जुन्या सभासदांचा जो आधार वाटतो तो वाकडला कधीच वाटला नव्हता. पुढच्या बाजूला एक जुना आंबा आहे. तो तोडायचा नाही हे त्यांनी करारातच घालून घेतलं होतं, आणि त्यासाठी बिल्डरला रॅम्प दुसऱ्या बाजूला घ्यावा लागला. मे महिन्यात आंबे उतरवून मोजून घरटी वाटले, आणि आमच्या दाराशीही पिशवी आली. सासूबाई एकदा जिन्यात चक्कर येऊन बसल्या तेव्हा मी ऑफिसात होते. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी डॉक्टर बोलावले, आणि मला फोन केला तो सगळं ठीक असल्याचं सांगायलाच.

परिसराबद्दल तक्रार एकच आहे, धूळ आणि आवाज. गल्लीत अजून तीन इमारतींचं काम चालू आहे. पुण्याचा काळा दगड फोडायला दिवसभर ब्रेकर चालतो. दुपारी घरात झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना त्याचा फार त्रास होतो. आज खिडकीतून दिसणारं आकाश शेजारची इमारत उठली की दिसणार नाही, तेव्हा खिडकीसमोरची इमारत किती जुनी आहे हेही बघून घ्या. बाकी मात्र जे हवं होतं ते सगळं मिळालं. मेट्रोने नवरा रामवाडीच्या बाजूला ऑफिसला जातो, गाडी आठवड्यातून एकदाच निघते. सासरे रोज सकाळी चालत जाऊन पेपर आणतात, आणि वाकडला जे कधी झालं नाही ते इथे झालं: नाटक बघायचं तर यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात जाऊन रात्री रिक्षाने वीस मिनिटांच्या आत घरी येता येतं.

एक गोष्ट अजून लटकलेली आहे. जोराच्या पावसात गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजचं चेंबर भरून वाहतं. नव्या इमारती वाढताहेत, वाहिनी तेवढीच आहे. एकट्या सोसायटीच्या अर्जाला दाद मिळाली नाही, म्हणून गणपतीनंतर गल्लीतल्या सगळ्या सोसायट्यांच्या सह्यांनिशी क्षेत्रीय कार्यालयात एकत्र निवेदन दिलं. पाहणी झाली आहे, मोठी वाहिनी टाकायचं तोंडी कबूल केलंय. लेखी उत्तर मिळवण्यासाठी आम्ही दर पंधरवड्याला दोघेजण पाळीपाळीने तिथे जातो.