लाल न दिसणारी फिल्म आणि जास्वंद: इलफर्ड ऑर्थो प्लस

जास्वंदीचा कृष्णधवल फोटो काढून पाहा. डोळ्यांना लालभडक फूल पानांतून उठून दिसतं, पण फोटोत फूल आणि पानं एकाच राखाडीत बुडतात. नेहमीची पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळ्या रंगांचा प्रकाश टिपणारी फिल्म दोन्ही रंग जवळपास सारखेच उजळ नोंदवते. मग लोक फुलामागे काळा कागद धरतात. मला ते पटत नाही. फूल फांदीवर, आपल्या पानांतच दिसायला हवं. इलफर्ड कंपनीच्या ऑर्थो प्लस या कृष्णधवल फिल्मने माझी ही अडचण सोडवली आणि लाल फुलांसाठी आता मी दुसरी फिल्म भरतच नाही.

कॉपी निगेटिव्ह, म्हणजे मूळ चित्राची किंवा फोटोची नक्कल फिल्मवर काढण्यासाठी बनलेली ही तांत्रिक फिल्म २०१९ मध्ये ३५ मिमी आणि त्याहून रुंद १२० या रोलच्या आकारांत आली. निळा आणि हिरवा प्रकाश तिला दिसतो, लाल दिसत नाही. त्यामुळे जास्वंद जवळजवळ काळी येते आणि पानं उजळतात. फूल नुसता काळा डाग होईल, अशी भीती वाटेल. तसं होत नाही. पाकळीचा लाल रंग फिल्मवर उमटत नसला, तरी पाकळीवरून परावर्तित होणारी आकाशाची चमक उमटते. प्रत्येक शीर, प्रत्येक चुणी त्या चमकेनेच रेखली जाते. मधल्या दांडीवरचे पिवळे परागकण तर काळ्यावर उजळ ठिपके होऊन येतात. यासाठी उजेड बाजूने किंवा किंचित मागून हवा. समोरून ऊन पडलं की चमक जाते आणि फूल खरंच सपाट दिसतं.

एक्स्पोजर, म्हणजे फिल्मवर पडू द्यायचा प्रकाश, मात्र समजून द्यावं लागतं. फिल्मची प्रकाशाला संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, दिवसाच्या उजेडात ८०, टंगस्टन दिव्याखाली (जुन्या पिवळसर बल्बखाली) ४०. कॅमेऱ्याचं मीटर लाल प्रकाशही मोजतं, फिल्म मोजत नाही. म्हणून मी मीटर फुलावर न धरता पानावर धरते. सूर्य कलला की उजेड तांबूस होतो आणि फिल्म आणखी मंदावते, तेव्हा एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट प्रकाश देते. ढगाळ दिवशी एफ ८ या अ‍ॅपर्चरला शटर साधारण १/८० सेकंद मिळतं. फूल फिल्मवर मूळ आकाराएवढं घ्यायचं तर आणखी दोन स्टॉप जातात, म्हणजे १/२०. एवढ्यात देठ हलला तर संपलंच. ट्रायपॉड हवाच, आणि वारा पडायची वाट पाहायची तयारीही.

सगळ्याच फुलांना ही फिल्म मानवत नाही. केशरी झेंडू गडद येतो, पिवळा मध्यम राखाडी. दोन्ही शेजारी असले तर फार छान. गोकर्ण मात्र फिका पडतो, त्याची ती खोल निळाई हरवते. तिथे पिवळा फिल्टर कामी येतो. लाल किंवा नारिंगी फिल्टर मात्र या फिल्मवर लावूच नका. आणि फूल हातात धरून फोटो काढणार असाल, तर त्वचा सावळी, डागाळलेली दिसते, हे आधीच सांगते.

डिजिटल फोटोत एडिटिंग करताना लाल रंगाचा स्लायडर खाली ओढून असाच परिणाम साधता येतो, हे खरं. पण लाल फुलांत सेन्सरचा लाल चॅनल सगळ्यात आधी भरून जातो आणि पाकळीचा पोत तिथेच नाहीसा होऊ शकतो. इथे तो प्रश्नच येत नाही.

घरी डेव्हलप करणाऱ्यांना आणखी एक सोय: गडद लाल सेफलाइटखाली, म्हणजे फिल्मवर परिणाम न करणाऱ्या डार्करूमच्या दिव्याखाली, ही फिल्म हाताळता येते. रीळ स्पूलवर डोळ्यांनी बघत चढवता येतं, अंधारात चाचपडावं लागत नाही. कॉन्ट्रास्ट मुळातच तगडा आहे, त्यामुळे पांढरी फुलं असलेला रोल मी थोडा कमी वेळ डेव्हलप करते. मोगऱ्याच्या पाकळ्यांतल्या सावल्या तेवढ्याने टिकतात.