लिनो, स्क्रीन की एचिंग? सोलापुरात छापचित्र शिकताना

तंत्र निवडताना 'सुंदर कोणतं' हा प्रश्न नंतरचा. आधी बघा, प्रेस हाताशी आहे का? एचिंगचा, म्हणजे रसायनाने रेषा खाल्लेल्या पत्र्याचा, छाप चमच्याने घासून उठत नाही. कॉलेजातला प्रेस आठवड्यातून दोनदा तरी मोकळा मिळणार नसेल, तर लिनोपासून, म्हणजे लिनोलियमचा तुकडा कोरून छापण्यापासून, सुरुवात करा.

लिनोला ३ मिमी जाडीचा तुकडा, व्ही आणि यू आकाराची तीन-चार हत्यारं, रोलर, काच आणि ऑफसेटची शाई एवढं पुरतं. छाप चमच्याच्या पाठीने घासून निघतो. चित्र ट्रेसिंग पेपरवर काढून पालथं उतरवायचं. अक्षरं असली की चूक इथेच होते आणि छापात 'सोलापूर' आरशातलं दिसतं. तुकडा धरणारा हात कायम पात्याच्या मागे हवा. डिसेंबरच्या सकाळी लिनो कडक होऊन हत्यार घसरतं, म्हणून दोन मिनिटं उन्हात ठेवा. मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की तोच लिनो इतका मऊ पडतो की पातं नको तितकं रुततं. तेव्हा कोरीवकाम सकाळी उरका. काचेवर रोलर फिरताना बारीक सरसर ऐकू यावी. चपचप वाजलं तर शाई जास्त झाली, रेषा बुजणार. छापात मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले तर शाई कमी पडली किंवा घासणं कमी झालं.

सपाट रंग, कापड आणि शंभरभर प्रती हव्या असतील तर स्क्रीनला, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई ढकलून छापण्याला, तोड नाही. इथे चित्र उलटंही करावं लागत नाही. पिशव्या नि लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे जाळी ताणून कुठे मिळते ते विचारा. कापडाला जाड जाळी, कागदाला बारीक. अडचण उन्हाळ्याची. जाळीवर चित्र उतरवायला लावतात ते बायक्रोमेट मिसळलेलं इमल्शन उजेडात कडक होतं, पण उष्णतेत अंधारातही कडक होत जातं. रात्री लावलेली फ्रेम दुसऱ्या दुपारी उजेडात धरली तर धुताना चित्र उघडत नाही, आणि दोष मात्र उजेडाच्या वेळेला दिला जातो. वाळली की लगेच वापरा. बायक्रोमेट विषारी आहे, हातमोजे घाला. पाण्याची शाई जाळीत वाळू नये म्हणून पंखा बंद ठेवा आणि प्रत्येक छापानंतर जाळीवर शाईचा हलका थर ओढून ठेवा.

एचिंगची रेषा आणि राखाडी छटा दुसऱ्या कशात येत नाहीत, हे खरं. जस्ताच्या पत्र्यासाठी नायट्रिक ॲसिड टाळून मोरचूद वापरता येतं. डाळिंबावर बोर्डो मिश्रण फवारायला कृषी केंद्रात मिळतं तेच. १ लिटर पाण्यात ७५ ग्रॅम मोरचूद आणि ७५ ग्रॅम मीठ. निळं पाणी हिरवं होतं. रंग उतरला की द्रावण संपलं. रेषांत साठणारा तांबूस गाळ पिसाने सारत राहा, नाहीतर रेषा उथळ येते. खोली हवेशीर हवी आणि उरलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. आधी एका पट्टीवर ५, १०, २० मिनिटांची चाचणी घ्या. द्रावणापासून पत्रा वाचवणारा मेण-डांबराचा थर देण्यापूर्वी पत्र्यावर पाणी अखंड पसरतंय का पाहा. थेंब गोळा झाले तर तेल राहिलं आहे आणि थर तिथेच सुटणार. पत्र्याच्या कडा कानशीने तिरप्या घासल्याशिवाय प्रेसवर चढवू नका. धारदार कड कागद तर फाडतेच, वरची फेल्टही (प्रेसमधलं जाड लोकरी कापड) कापते, आणि फेल्ट महाग असते.