जुनी जपानी टूरिंग सायकल आणि पुण्याचे घाट : वापरानंतरचा अनुभव

आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना एवढं लांबलचक वाचायचं नाही ते सुटले. जुनी स्टीलची टूरिंग सायकल पुण्यात खरोखर चालवायची असेल तर रंगावर पैसे घालवू नका, चाकं, गिअर आणि ब्रेक यावर घाला. फ्रेम जुनी ठेवा, बाकी जे फिरतं आणि जे थांबवतं ते बिनधास्त बदला. सायकल पावसाळ्याच्या तोंडावर तयार झाली, मग अख्खा पावसाळा, थंडी आणि आता हा उन्हाळा, रोजचं ऑफिस आणि सुट्टीला घाट असं सगळं झाल्यावर लिहितोय, त्यामुळे नव्याची नवलाई वगैरे आता काही उरलेली नाही.

सायकल मियाता या जपानी कंपनीची. ओळखीतले एक काका शिकायला अमेरिकेत होते, परत येताना घेऊन आले आणि नंतर ती त्यांच्या कोथरूडच्या बंगल्यात जिन्याखाली पडून होती. नक्की कधीची ते त्यांनाही आठवेना. पण शिमानोच्या जुन्या पार्टच्या पाठीवर दोन बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली असतात, पहिलं वर्षाचं, दुसरं महिन्याचं, आणि ए म्हणजे १९७६ धरून पुढे मोजायचं. मागचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर टाकणारा भाग) काढून टूथब्रशने घासला तर एच आणि डी दिसलं, म्हणजे एप्रिल १९८३. फ्रेमही त्याच सुमाराची असणार. क्रोमोलीचा (म्हणजे क्रोम-मॉलिब्डेनम घातलेलं स्टील) स्टिकर अर्धा शाबूत, लग जोडणीची (नळ्या सांध्याच्या बाहीत बसवलेली) फ्रेम, मडगार्ड-कॅरियरला भोकं, कॅन्टिलिव्हर ब्रेक (चाकाच्या दोन बाजूंना दोन हात, मधली केबल त्यांना वर खेचते) आणि मागचं चाक सीटच्या नळीपासून चांगलं लांब, म्हणजे पॅनियर लावले तरी टाच बॅगेला लागत नाही. टूरिंग सायकल ओळखायची खूण हीच, नाहीतर हल्ली जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी कुठल्याही ड्रॉप हँडलच्या सायकलला 'टूरिंग आहे साहेब' म्हणून भाव सांगतात.

सगळ्यांनी सल्ला दिला की भोसरीला नेऊन ब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने जुना रंग काढणं) करून पावडर कोटिंग करून घे, एकदम नवी दिसेल. नाही केलं, आणि आज वाटतं बरंच झालं. एक तर असल्या बटेड (टोकांना जाड, मधे पातळ) नळीची भिंत मधल्या भागात जेमतेम ०.६ मिमी वगैरे असते, आणि ब्लास्टिंगवाल्याचा हात रोज ग्रिल आणि पॅनेल बॉक्सवर चालतो, तो आपल्या नळीसाठी थोडाच प्रेशर कमी करणार. दुसरं म्हणजे आट्यांमध्ये आणि हेडसेटच्या (हँडल फिरतं तिथल्या बेअरिंगच्या) जागेत पावडर बसली की नंतर टॅप मारत बसा. मी फक्त बोहरी आळीतून ऑक्झॅलिक ॲसिड आणलं, हातमोजे घालून पाण्यात कालवलं आणि क्रोमचे पार्ट त्यात बुडवून ठेवले, फ्रेमवर जिथे गंज होता तिथे त्यात भिजवलेली फडकी गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधलं. गंज विरघळतो, क्रोम आणि रंग राहतो. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळी झाक. ॲल्युमिनियमचे पार्ट मात्र यात घालायचे नाहीत. फ्रेमच्या आतून डबल बॉइल्ड अळशीचं तेल फिरवलं, ते सुकून आत कातडं धरतं. बाहेर ओरखडे आहेत तसे आहेत, वर वॅक्स. पार्किंगमध्ये कुणी दुसऱ्यांदा वळून बघत नाही हा फायदा वेगळा.

आता मुख्य काम. मागे चाक बसतं तिथे फ्रेमची आतली रुंदी १२६ मिमी, त्या काळच्या सहा स्पीडच्या हबची (हब म्हणजे चाकाचा मधला भाग). असं हब ठेवलं तर फ्रीव्हील (चक्रं आणि खटका एकत्र, हबवर आट्यांनी बसणारं) लावावं लागतं, आणि फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजव्या बाजूचे छर्रे बरेच आत बसतात, त्यांच्या पुढे एक्सलचा मोठा तुकडा आधाराशिवाय लोंबतो. सामान घेऊन खड्ड्यात गेलं की एक्सल वाकतो आणि एक दिवस तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये (खटका हबमध्येच, चक्रं वर सरकवलेली) उजवीकडचे छर्रे पार टोकाशी असतात म्हणून तो त्रास नाही, पण मला परवडणारं आणि सहज मिळणारं हब १३५ मिमीचं. म्हणजे फ्रेम ९ मिमी फाकवायची. मी सांगितलं तेव्हा नाना पेठेतल्या सायकलवाल्या उस्तादांनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, तुटली तर मला बोलायचं नाही."

तुटत नाही. स्टील एका मर्यादेपलीकडे वाकवलं की तिथे राहतं, म्हणूनच हे जमतं (ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग चुकूनही नको). थ्रेडेड रॉड आणि दोन नट लावून फाकवायची एक पद्धत आहे, पण रॉड दोन्ही बाजूंना सारखाच ताण देतो आणि दोन्ही बाजू सारख्या वाकतील याची काही खात्री नाही, जी बाजू मऊ ती जास्त जाते. उस्तादांनी म्हणून लाकडी वासा घेतला आणि एकेक बाजू वेगळी दाबली. गंमत म्हणजे दाबताना ती भरपूर जाते, सोडली की जवळजवळ सगळी परत येते, मोजावं तर एखादा मिलीमीटर पदरात. मग पुन्हा. पुन्हा. प्रत्येक वेळी एका खाचेतून (एक्सल बसतो ती) दोरा बांधून तो पुढे हेडट्यूबला वळसा घालून दुसऱ्या खाचेत आणायचा आणि दोरा व सीटची नळी यातलं अंतर दोन्ही बाजूंना मोजायचं, सारखं आलं तर फ्रेम मधोमध. प्रत्येक बाजूला साडेचार मिलीमीटर जायला हवं होतं. शेवटी खाचा एकमेकींना समांतर करून घ्यायच्या, हे लोक विसरतात, आणि तिरप्या खाचांमध्ये हब आवळलं तर एक्सलला तोच ताण येतो जो आपल्याला टाळायचा होता. माझ्याकडे इतक्या महिन्यांत मागच्या चाकाने एकदाही कुरकुर केलेली नाही, ब्रेजिंगच्या जोडांजवळ रंगालाही तडा नाही, दर सर्व्हिसिंगला मी तिथे बॅटरी मारून बघतो.

चाकाची साइजही बदलली. मूळ २७ इंची, म्हणजे रिमचं माप ६३० मिमी, आणि त्याचे टायर शोधत फिरायचं म्हणजे चप्पल झिजवायची कामं. ७०० सी म्हणजे ६२२, हायब्रिड सायकलींमुळे त्याचे टायर कुठेही मिळतात. फरक व्यासात ८ मिमी, म्हणजे ब्रेक पॅड ४ मिमी खाली आणायचे, कॅन्टिलिव्हरमध्ये ते आरामात होतं. ३६ आऱ्यांची डबल वॉल रिम घेतली, टायर ७०० बाय ३२, आणि वॉल्व्हचं भोक मुद्दाम मोटरसायकलसारखं, बारीक नळीचा प्रेस्टा वॉल्व्ह नको. भोरच्या पुढे कुठे हवा भरायची वेळ आली तर टायरवाल्याकडे त्याचाच पंप असतो. मागच्या चाकाचा आऊट (रिमचा वाकडेपणा) पहिल्या महिन्यात एकदा काढून घ्यावा लागला, नवीन आरे बसतात तेव्हा तेवढं होणारच, त्यानंतर हात लावलेला नाही.

गिअरचं गणित जरा सविस्तर देतो, कारण इथेच जुनी सायकल माणसाला रडवते. मूळ क्रँकच्या (पायडलकडच्या) चक्रांना ५२/४० दाते, मागे १४ ते २८. सर्वात हलका गिअर ४० आणि २८, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल ३ मीटरहून थोडी जास्त जाते, मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी ११ किमी. आता सांगा, सामान लादून बोपदेव घाटात ताशी ११ कोण काढणार? मी तरी नाही. मग पाय ६० वरून ३५-४० वर येतात आणि सगळा भार गुडघ्यावर. म्हणून हायब्रिडची साधी ४८/३८/२८ क्रँक लावली, मागे आठ स्पीड ११-३२. आता सर्वात हलक्या गिअरला एका फेरीत १.९ मीटरच्या आसपास, त्याच ६० फेऱ्यांना ताशी पावणेसात. पसरणी घाट वाईपासून पाचगणीपर्यंत बसून चढता येतो, उभं राहावं लागत नाही, वर पोचल्यावर स्ट्रॉबेरी क्रीम खायची इच्छा शिल्लक राहते.

या सगळ्यात जुने डाऊनट्यूबचे शिफ्टर तसेच ठेवले. ते फ्रिक्शनचे, टकटक करून एकेक गिअर पडत नाही, दांडी सरकवत कानाने ठरवायचं. पण त्यामुळेच त्यांना सहा स्पीड काय आणि आठ काय, कुठला डिरेलर काय, काही फरक पडत नाही. केबल ताणली गेली म्हणून गिअर उड्या मारतायत हा प्रकारच नाही. डिरेलर मात्र लांब पिंजऱ्याचा नवीन घ्यावा लागला, जुन्याला एवढी चेन गोळा करता येत नव्हती. लक्ष्मी रोडच्या ट्रॅफिकमध्ये हात खाली नेऊन गिअर टाकणं हा ताप आहे, ते मान्य. दोन-तीन आठवड्यांत सवय होते, तोपर्यंत शिव्या येतात.

ब्रेकचा एक किस्सा, कारण याच्यावर उपाय सांगणारं कुणी भेटत नाही. सुरुवातीला दिवे घाट उतरताना पुढचा ब्रेक दाबला की अख्खा फोर्क थडथडायचा, हँडल हातात राहील की नाही असं वाटावं इतका. पॅड बदलले, तिरपे करून पाहिले, थोडा फरक पडला. कारण वेगळंच असतं. कॅन्टिलिव्हरची केबल वर हेडसेटपाशी टांगलेली असते, ब्रेक लागला की फोर्क मागे वाकतो, वाकला की वरची टांगणी आणि ब्रेक यातलं अंतर बदलतं, केबल आणखी खेचली जाते, ब्रेक आणखी घट्ट, मग चाक निसटतं, फोर्क सरळ, पुन्हा तेच, सेकंदाला कित्येक वेळा. टांगणी खाली फोर्कच्या क्राऊनच्या (चाकाच्या वरच्या जोडाच्या) भोकात लावली की मधला लांब तुकडाच जातो. छोटीशी पट्टी, लेथवाल्याकडून करून घेतली. थडथड गायब. वरची आडवी केबल जरा खाली घेतली तर ताकदही वाढते, पण फार खाली नको, पॅड रिमच्या इतके जवळ ठेवावे लागतात की जरा आऊट आला की घासतात.

पावसात ताम्हिणीला गेलो होतो तेव्हा ब्रेक ठीक होते, ॲलॉय रिमची कृपा. क्रोम केलेल्या लोखंडी रिमवर ओल्यात ब्रेक लावणं म्हणजे नुसती प्रार्थना, त्यामुळे कुणाची जुनी इंग्लिश रोडस्टर असेल तर शोभेला मूळ रिम गुंडाळून माळ्यावर ठेवा आणि वापरायला ॲलॉय घ्या. पावसाळ्यातली खरी डोकेदुखी वेगळीच निघाली. सीटच्या नळीतून पाणी आत जातं आणि थेट बॉटम ब्रॅकेटमध्ये (क्रँकचा एक्सल फिरतो तिथे) साठतं. खाली निचऱ्याला भोक आहे का बघा, माझ्यात होतं पण आत मातीने बुजलेलं, तारेने मोकळं केलं. लेदरच्या सीटवर जुलैमध्ये बुरशी आली, पुसली, मेण लावलं, परत आली. शेवटी ऑगस्टपर्यंत साधी रेक्झिनची सीट लावून फिरलो आणि लेदरवाली घरात पंख्याखाली. ज्यांना लेदर सीटशिवाय टूरिंग सायकल अपुरी वाटते त्यांनी कोकणात जूनमध्ये जाऊन दाखवावं.

आरामाबद्दल. 'स्टील धक्के गिळतं' हे वाक्य प्रत्येक जण ऐकवतो. माझ्या मते यात अर्ध्याहून जास्त श्रेय टायरचं आणि लांब व्हीलबेसचं आहे. ताठरपणाचा आकडा म्हणाल तर स्वस्त लोखंडी नळीचं स्टील आणि महागडी क्रोमोली यांचा जवळजवळ सारखाच असतो, क्रोमोली जास्त मजबूत म्हणून नळी पातळ करता येते आणि वजन कमी होतं, एवढंच. मी एकदा टायरमध्ये ठासून हवा भरून सिंहगड रोडवर नेली तर हीच सायकल दात वाजवत होती. हवा जरा कमी केली, पुन्हा गुणी बाळ. कॅरियर-मडगार्ड धरून चौदाएक किलो भरते, त्यामुळे कार्बनवाले मित्र चढावर पुढे जातात. जाऊ देत, त्यांच्या सायकलवर दोन पॅनियर आणि तंबू बांधून दाखवा म्हणावं.

खर्चाचं विचाराल तर अर्ध्याच्या आसपास पैसे चाकांवर गेले, उरलेल्यातला बराचसा क्रँक, डिरेलर, पॅड, केबल यांवर. फ्रेम घरचीच म्हणून हे परवडलं. तीच जुनी फ्रेम कुणी 'व्हिंटेज' म्हणून नव्या हायब्रिडच्या किमतीला देत असेल आणि तुम्हाला फक्त ऑफिसला जायचंय, तर सरळ हायब्रिड घ्या. आणि घ्यायचीच असेल तर आधी सीटपोस्ट हलतो का बघा. ॲल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या नळीत वर्षानुवर्षं राहिला की आत असा काही पकडतो की मग करवतीने कापून काढायची वेळ येते. माझा आठवडाभर तेल सोडून, वाफ देऊन, शेवटी पोस्टला मोठा पाईप पाना लावून फिरला. बॉटम ब्रॅकेटचा उजवा कप इंग्लिश आट्यांत उलटा फिरतो, हे माहीत नसलेला मेकॅनिक आटे खाऊन टाकतो, तेव्हा समोर उभं राहा.

एक काम अजून राहिलंय, हेडसेट. हँडल सरळ असताना किंचित अडकल्यासारखं व्हायचं, म्हणजे छर्ऱ्यांनी वाटीत खड्डे पाडलेत. जुन्या जपानी फोर्कवर क्राऊन रेसचं (फोर्कवर बसणाऱ्या हेडसेटच्या खालच्या कडीचं) माप २७.० मिमी असतं, आणि हल्ली १ इंची म्हणून मिळणारे बरेच २६.४ चे, त्यामुळे वर्नियर लावल्याशिवाय मागवू नका. तोपर्यंत उस्तादांनी जुगाड केलाय. छर्ऱ्यांचा पिंजरा काढून टाकला आणि ग्रीसमध्ये सुटे छर्रे बसवले, सुटे एक-दोन जास्त मावतात, त्यामुळे ते जुन्या खड्ड्यांवर एकदम येत नाहीत. अडकणं गेलं. नवा हेडसेट या पावसाळ्याच्या आधी बसवायचा विचार होता, पण आता घाई वाटत नाहीये.