गाळातून तेल काढणारी आमची मायक्रोवेव्ह भट्टी
कॉलेजच्या प्रयोगशाळेत ही पायरोलिसिस भट्टी (हवेशिवाय तापवून पदार्थाचं तेल, वायू आणि कोळसा करणारी) घेऊन वर्ष झालं. मैलाशुद्धीकरण केंद्रातल्या पिळलेल्या गाळातही जवळपास 80 टक्के पाणीच असतं, म्हणून आम्ही तो आधी उन्हात वाळवतो. सुका गाळ भट्टीतल्या 2.45 गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह लहरी नीट शोषत नाही. मूठभर कोळशाची पूड मिसळली की तापमान झरझर चढतं. आतली हवा नायट्रोजनने घालवल्याशिवाय बटण दाबू नका! झेडएसएम-5 हा सूक्ष्म छिद्रांचा उत्प्रेरक घातल्यावर तेल पातळ उतरलं, पण कमी. बराच भाग वायूत गेला. वास उग्रच, गाळातल्या प्रथिनांमुळे. झाकणाचं सील दोनदा गेलं, कंपनीने बदलून द्यायला तीन आठवडे लावले, त्याचा राग अजून आहे. तरी काळं तेल थेंबथेंब पडू लागलं की मुलं जेवायला जायचं विसरतात.