औंध संस्थानाची अभ्याससहल: एक अभिप्राय

पुण्यातील एका छोट्या संस्थेने आखलेली, सातारा जिल्ह्यातल्या औंधची एक दिवसाची अभ्याससहल इतिहासाची आवड असणाऱ्यांनी अवश्य करावी अशी आहे. मात्र वेळेची वाटणी आयोजकांनी बदलायला हवी.

सहलीची सर्वांत जमेची बाजू म्हणजे बसमध्ये प्रत्येकाच्या हाती दिलेला नकाशा. औंध, आटपाडी, कुंडल आणि आज कर्नाटकात असलेले गुणदाळ हे संस्थानाचे तुकडे त्यात एकाच रंगात दाखवले आहेत आणि ते एकमेकांना लागून नाहीत, हे पाहताक्षणी ध्यानात येते. मधला मुलूख कुठे इंग्रजांचा, तर कुठे दुसऱ्या संस्थानिकाचा. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यावर छत्रपतींचे जहागीरदार असलेले औंधचे पंतप्रतिनिधी थेट इंग्रजांच्या देखरेखीखाली आले. बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर बसले तेही पुतण्याला इंग्रजांनी पदच्युत केल्यानंतर, हे मार्गदर्शकांनी आडपडदा न ठेवता सांगितले.

यमाईच्या डोंगरावरचे श्री भवानी संग्रहालय बाळासाहेबांनी १९३८ मध्ये उभारले. राजा रविवर्मा यांची चित्रे तिथे आहेतच. पण हेन्री मूर यांचे माता-बालकाचे शिल्प सातारा जिल्ह्यातल्या एका खेड्यात पाहायला मिळावे, याचे अप्रूप वाटल्याशिवाय राहत नाही. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते, त्यामुळे हा संग्रह केवळ पैशाच्या जोरावर झालेला नाही, हे मार्गदर्शकांचे म्हणणे मला पटले.

माझी तक्रार पुढची आहे. दुपारचा बहुतेक वेळ चित्रांना मिळाला आणि १९३९ ची राज्यघटना परतीच्या वाटेवर, निम्मी बस पेंगत असताना, घाईने उरकण्यात आली. वास्तविक औंधचे वेगळेपण याच घटनेत आहे. महात्मा गांधींचा सल्ला, मूळचे पोलंडचे अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची साथ आणि बाळासाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब यांचा पुढाकार यांतून ती आकाराला आली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींच्या अध्यक्षांची तालुका समिती व्हायची आणि तिथून प्रतिनिधी विधिमंडळात जायचे, अशी सत्तेची चढण खालून वर होती. डोक्यावर इंग्रजांची सार्वभौम सत्ता असताना एका राजाने आपले अधिकार प्रजेच्या हाती सोपवले, ही गोष्ट किमान तासभर, तीही शक्यतो राजवाड्याच्या परिसरात थांबून, सांगायला हवी.

आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर, म्हणजे कैद्यांना भिंतीविना शेतीकामावर ठेवणारी खुली वसाहत, आणि कुंडलच्या माळावर १९१० मध्ये वसलेली किर्लोस्करवाडी यांचा नुसता उल्लेख झाला. एका दिवसात तेवढी भटकंती शक्य नाही, हे मान्य. आयोजकांनी आटपाडीला मुक्काम ठेवून दोन दिवसांची सहल काढावी. जास्त शुल्क देऊनही मी तिला जाईन. आहे या स्वरूपात जाणाऱ्यांनी घटनेविषयीचे प्रश्न मार्गदर्शकांना सकाळीच, बस पुण्याबाहेर पडताच विचारावेत. त्यांचा अभ्यास पक्का आहे आणि विचारले की ते मनापासून सांगतात.